सिद्ध झालं का?

“तुमचं मत राहिलंय, मास्तर,” व्लाहूबाई म्हणाल्या.

बंद खोलीत सातजण होते. मुख्य न्यायाधीश व्लाहूबाई, त्यांचे दोन जोडीदार, आणि गावातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले चार पंच. बोट बांधून ठेवायच्या जागेवरून भांडण झालं आणि मान्थोस कोळ्याने सोतिरिसला धक्क्यावरून ढकलून मारलं, असा आरोप. तिन्ही न्यायाधीशांच्या मते तो दोषी. तीन पंच म्हणत होते, सुटू द्या. उरले अरिस्तिदिस मास्तर. छत्तीस वर्षं भूमिती शिकवलेले. निम्म्या गावाचे कान त्यांच्या हातून पिळून निघालेले.

मास्तरांनी कॉफीचा कप बाजूला सारला. “धमकी दिली, खरं. धक्क्याकडे गेला, खरं. सदऱ्यावर सोतिरिसचं रक्त, तेही खरं. पण ढकलताना कुणी पाहिलं? शेवटची पायरीच गाळलेली. सिद्ध झालं कसं म्हणू?”

“इथे भूमिती नाही हो चाललेली. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“त्यानेच मारलं. मला शंका नाही.”

“मग झालं की. कायद्यात सिद्ध म्हणजे तेवढंच. सगळं ऐकून तुमच्या मनाची खात्री पटली का? सगळ्यांसमोर शपथ त्याचीच घेतलीत.”

“मनाच्या खात्रीवर मी फळ्यावर कधी ‘सिद्ध’ लिहिलं नाही, बाई. आता या वयात लिहू?”

व्लाहूबाईंनी आणखी दोनदा समजावलं. दगडावर पाणी. शेवटी त्यांनी मतं नोंदवून घेतली आणि भरल्या कचेरीत वाचली. तिन्ही न्यायाधीश एकीकडे, चारही पंच दुसरीकडे. मान्थोस सुटला.

मास्तर बाहेर आले तेव्हा खुशीत होते. तीन न्यायाधीशांपुढे ते बधले नव्हते. एवढा ताठा त्यांना शोभूनही दिसत होता.

पायऱ्यांवर सोतिरिसची आई उभी होती. एव्दोकिया. ती भांडेल म्हणून लोक थोडे सरकले, पण तिने आवाज चढवला नाही.

“तुमचा जावई बोटीवर काम शोधतोय म्हणे?”

“शोधतोय. महिना झाला.”

“मान्थोस उद्यापासून बोट काढेल. जोडीला माणूस लागेल त्याला. त्या दोघांनीच जायचं, पार बेटापलीकडे. धाडाल जावयाला?”

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती.

“नाही,” ते म्हणाले.

“आत तुम्हाला एवढंच तर विचारलं होतं, मास्तर,” एव्दोकिया म्हणाली, आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागली.