आबांचा दहावा पाठ

समीक्षाचं लग्न झालं ते वर्ष, २०२४. सासरी निघताना ती रडत "जाते आबा" म्हणाली, तर उकंडा आबांनी गाडीचं दारच धरून ठेवलं. नातीनं "येते" म्हटल्यावरच सोडलं. मांडवातले सगळे हसले.

त्याच हट्टापायी डिसेंबरात धाकट्या मोनालीचं अडलं.

मोनाली यवतमाळला डी.एड. करत होती. विद्यालयातल्या मॅडमनी सगळ्यांच्या मोबाइलवर इंग्रजी बोलायचं ॲप टाकून दिलं होतं. आपण बोलायचं आणि घरातल्या एकाला दहा पाठ बोलायला शिकवायचे. दहाही पाठांवर हिरवी खूण आली तरच इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला बसता येणार होतं.

तिनं आबांना धरलं. आबांचा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करण्यात गेलेला. पन्नाशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. मोबाइलसमोर ते टोपी नीट करून बसत आणि "माय नेम इज उकंडा" असं ओरडत, की यवतमाळला लागून असलेल्या त्यांच्या लोहाऱ्यातली अर्धी गल्ली ऐके. त्यांना शिकवता शिकवता मोनालीचीही जीभ सुटली. वर्गात उभं राहिलं की घाम फुटणारी पोरगी आता भाजीवाल्याशीही इंग्रजी बोलू लागली.

नऊ पाठ झाले. दहावा निरोप घेण्याचा होता.

"आय ॲम गोइंग," ॲपमधली बाई म्हणे.

"आय ॲम कमिंग," आबा म्हणत. लाल खूण.

"आबा, गोइंग!"

"गोइंग म्हंजे?"

"जातो."

"मंग नाई म्हनत. घरातून निघताना जातो कोन म्हनते? तुह्या त्या बाईले सांग, मानसानं येतो म्हनावं."

"ते मशीन हाय, आबा."

"मशीनले मायबाप नाई काय?"

मोनालीचा भाऊ कपिल हसून लोळायचा. "आबा, तुमी लंडनले गेले तं सायब लोक वाट पाहत बसतीन. कमिंग म्हनून गेला, आला काहून नाई!"

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मोनाली रडकुंडीला आली. "तुमच्या एका शब्दापायी मले परीक्षेले बसू देनार नाईत, आबा."

आबा डावा खांदा चोळत बसले होते. थंडीनं तो आठवडाभर धरला होता. "पाहू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा वर्गासमोर शिकवायचा सराव पाठ होता. अशा दिवशी विद्यालयात मोबाइल न्यायची मनाई असे.

"फोन राहू दे माह्यापाशी," आबा म्हणाले. "बटन कोनतं दाबा लागते, ते दाखवून दे."

तिनं दाखवलं. "येते आबा."

"ये, बाई."

सराव पाठ चांगला झाला. एकदाही ती अडखळली नाही. नंतर मॅडमनी आपला टॅब उघडला आणि त्या हसल्या.

"मोनाली, तुझ्या आजोबांचे दहाही पाठ झाले. आज सकाळीच."

"ऐकवा ना मॅडम!" मुली ओरडल्या.

मॅडमनी लावलं. आधी कोंबडा आरवला. मग आबांचा आवाज आला. नेहमीसारखा मोठा नव्हता, पण एकेक शब्द स्वच्छ होता.

"आय ॲम गोइंग."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मोनाली हसत हसत डोळे पुसत होती. "हारले एकदाचे आबा," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या तेव्हा दारात कपिल उभा होता. मॅडमनी त्याला आत बोलावलं, "ये रे, तूही ऐक." तो आत आला नाही.

उकंडा आबा १२ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी नवाच्या आत वारले. मोनालीचा फोन त्यांच्या हातातच होता.