हळू बोला

तिने बादली आपटली नाही. राग मस्तकात गेला होता, तरी अलगद टेकवली. कडीसुद्धा वाजू नये म्हणून हाताने धरून खाली सोडली. वरच्या खोल्यांत पाहुणे डोळे मिटून बसले होते, आणि या घरात आवाज करायचा नाही हा नियम तिचाच होता. ‘हळू बोला’ ही जिन्यापाशी लावलेली पाटीही तिनेच रंगवली होती.

शहरातून थकून आलेली माणसं तिच्याकडे विसावा घ्यायला येत. अंगाला तेल, साधं जेवण, शेतावरून चालणं, आणि शांतता. त्या शांततेपायी एकेक खोली पाहुण्यांना देऊन झाली होती. नवरा-बायको स्वयंपाकघरामागे सामानाच्या खोलीत, तेलाच्या डब्यांशेजारी निजत. मुलीची खोली सगळ्यांत शेवटी गेली. तिच्या खिडकीतून टेकडी दिसते, म्हणून मागणी फार. मुलगी भांडली नाही. बॅग भरून मावशीकडे शिकायला गेली. सुट्टीत ये म्हटलं, तर म्हणाली, “आई, तुमच्याकडे शिंकायचीही चोरी. आणि मी निजू कुठे, जिन्यात?” तेव्हापासून मायलेकींचं बोलणं मावशीकडच्या फोनवर, तेवढंच. तेही आई डब्यांच्या आडोशाला बसून, तोंडावर हात धरून, कुजबुजत बोले.

आणि आता नवऱ्याने पलीकडच्या माळावर केबिनी बांधायला काढल्या होत्या. लाकडाच्या, एका ओळीत. टोकाला सॉना. मजूर तिला ‘घामाची खोली’ म्हणत आणि हसत. लोक इथे हौसेने घाम गाळायला येणार, आपण मात्र जन्मभर उगाच गाळला, असं त्यांचं चाललेलं असे. तिला हसू येत नव्हतं. जास्त खोल्या म्हणजे जास्त पाहुणे, जास्त चादरी, जास्त कुजबुज. माळावर एकेक भिंत उभी राहत होती आणि लेक तिच्यापासून आणखी लांब जात होती.

भांडायचं तरी कुठे? घरात, तर डोक्यावर पाहुणे. अंगणात, तर झाडाखाली कुणीतरी श्वासाकडे लक्ष लावून बसलेलं. नवरा-बायको कुजबुजतच भांडत, आणि कुजबुजून भांडण कधी पुरं होत नाही. रागाला धार यायच्या आत कुणीतरी अनवाणी, पाय न वाजवता शेजारून जाई आणि दोघांना हसरे चेहरे करावे लागत.

केबिनी पुऱ्या झाल्या आणि आज सॉना पेटवून बघणार आहेत, हे तिला मजुरांकडून कळलं. घरच्या बाईला, मजुरांकडून. तिने बादली ठेवली, बॅग भरली. बहिणीकडे जायचं, लेकीजवळ राहायचं, परत यायचं नाही. पण ऐकवून जायचं. ती तडक माळावर गेली, सॉनात शिरली आणि दार ओढून घेतलं.

दार जाड होतं. भिंती दुहेरी. आत नवरा फळीवर बसून भट्टीतल्या तापल्या दगडांकडे बघत होता, घामाने निथळत. बाहेरचा कसलाच आवाज आत येत नव्हता. म्हणजे आतला बाहेर जाणार नव्हता. हे लक्षात आलं मात्र, तिचं तोंड सुटलं.

ती ओरडली. पोटची पोर परक्यासारखी लांब राहते आणि तुम्हाला केबिनी सुचतात. घराची धर्मशाळा झाली, तरी हाव सुटत नाही. मी काय इथे चादरी बदलायला जन्मले? आवाज मध्येच फाटत होता, चिरकत होता. वापर नसलेल्या कुलपासारखा. तरी ती थांबली नाही. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पाहुणे आज इकडे येतायत. सगळे. घर आपल्याला मोकळं झालं.”

तिने भट्टीकडे हात केला. “आणि हे कशाला?”

“चांगली खोली सोडून माळावर कोण राहायला येईल? ऊब तिकडे आहे म्हटल्यावर आपण होऊन तयार झाले.”

“मग हे मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगायला आलो की तू ओठांवर बोट ठेवायचीस.” आता त्याचाही आवाज चढला. “दर वेळी. परवा तर मी नुसतं ‘अगं’ म्हणालो होतो.”

खरं होतं, म्हणून तिला राग जास्तच आला. दार ढकलून ती बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा पाहुणे जिना उतरत होते. चाकांच्या बॅगा त्यांनी हातात उचलून धरल्या होत्या, खडखडाट नको म्हणून. एका बाईंनी जाता जाता न बोलता हात हलवला. तिने मान हलवली. शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेला. ती वर जाऊन मुलीच्या खोलीत उभी राहिली. खाट, खिडकी, टेकडी. कुणी नाही.

खाली येऊन तिने बादली उचलली आणि आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. घर दणाणलं. जिन्यावर कुणी आलं नाही.

मग भर घरात उभी राहून तिने बहिणीकडे फोन लावला. तो मुलीनेच उचलला.

“घरी ये गं आता,” ती म्हणाली. तोंडावर हात न धरता, मोकळ्या आवाजात.

पलीकडे मुलगी जराशी घुटमळली. मग अदबीने म्हणाली, “मावशी बाहेर गेलीय. कोण बोलत होतं म्हणून सांगू?”