कोरी गादी

हैदरच्या दुकानात त्या दुपारी तीन गाद्या होत्या, अकरा उशा होत्या आणि त्याच्या शर्टाच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची एक स्ट्रिप होती. दहा गोळ्यांपैकी चार शिल्लक. गाद्या-उशा बाजारात आलेल्या कुणालाही दिसत होत्या. स्ट्रिप दिसू नये म्हणून त्याने खिशात वरून रुमाल कोंबला होता. दुकानावरची पाटी त्यानेच सांगून रंगवून घेतली होती : ‘एकदा पाठ टेका, गोळी विसरा.’

तिसरी गादी लग्नाची होती. लाल खोळ, आत नवा कापूस, पाच इंच जाडी. नर्मदाबाई ती न्यायला येणार होत्या. त्यांच्या नातीचं, प्रतिक्षाचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरीची गादी कोरी द्यायची, तिच्यावर कुणी अंग टाकायचं नाही, हा या दुकानाचा अब्बांपासूनचा रिवाज. अब्बा तर अशा गादीला मधला टाका घालतानाही कडेला उकिडवे बसायचे आणि हात लांबवायचे.

शेवटचा टाका घालून हैदरने दोरा तोडला. मग गुडघे टेकून गादीच्या कडेला गाल लावला आणि एक डोळा मिटून पाहिलं. कापूस कुठं फुगला, कुठं बसला, हे असंच कळतं. उभ्याने पाहिलं तर सगळीच गादी सपाट दिसते. मधे जरा उंचवटा वाटला. नीट दिसेना, म्हणून तो थोडा पुढे सरकला. मग आणखी थोडा. मग दुसरा डोळाही मिटला.

रात्री दोन-दोन गोळ्या घेऊन पहाटेपर्यंत न लागणारा डोळा तिथं लागला.

जाग आली ती कुणाच्या तरी खोकल्याने. समोरच्या बाकावर नर्मदाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. शेजारी प्रतिक्षा उभी होती. हैदर गादीच्या मधोमध होता, पाय पोटाशी घेऊन, लेकरासारखा. लाल खोळीवर, तोंड होतं तिथं, ओला डाग पडला होता.

तो धडपडत खाली उतरला.

“मावशी, कवा आल्या?”

“मघाशीच. समोरच्या हाटेलात चहा पिऊन झाला आमचा.”

“मग उठवायचं न्हाई का?”

“ही उठवत होती. मीच म्हणलं, झोपू दे. लई दिवसाचे उपाशी असल्यावानी झोपून राहिले हैदरभाई.”

हैदरने गादीवर पडलेला रुमाल उचलून डागावर टाकला. मग त्याच्या ध्यानात आलं, की रुमाल खिशात असायला हवा होता.

“हे पडलं होतं,” म्हणत प्रतिक्षाने स्ट्रिप पुढे केली. त्याने ती घेऊन मुठीत दाबली. आता दाबून काही उपयोग नव्हता.

“ही गादी देत न्हाई मी तुमाला,” तो खाली बघत म्हणाला. “उसवतो. खोळ बदलतो, कापूस बदलतो.”

“उद्या हळद हाय हिची. कवा करता?”

त्याने मूठ आणखी घट्ट आवळली.

नर्मदाबाईंनी त्याच्या मुठीकडे पाहिलं. “आमच्या घरी बी हीच गोळी हाय. काडीचा गुण न्हाई तिला. म्हणून तर परसाल ती पाटी वाचून मी तुमच्याकडून गादी नेली.”

“मग?” विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“मग काय. पहिले बाजेवर आढ्याकडं बघत पडायची, आता गादीवर पडते.”

“कधी बोलल्या न्हाई, मावशी.”

“काय बोलू? सारा गाव तुमच्या गादीवर घोरून राहिला. मला वाटलं, गादी बराबर हाय, खोट माझ्यातच हाय. कुणाला सांगायची लाज वाटली.”

हैदरचं नेहमीचं वाक्य तयार होतं : दोन उन्हं दाखवा, मग बघा कशी झोप लागती ते. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते सांगितलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. मुठीतली स्ट्रिप कडकन वाजली.

“तुमची गादी आणा,” तो म्हणाला. “फुकट पिंजून देतो.”

“पिंजल्यानं झोप लागंल?”

“न्हाई.”

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली.

“आजी, हीच नेऊ,” प्रतिक्षा म्हणाली. “कुणी विचारलं तर सांगू, दुकानदारानं सोता तपासून दिली.”

“तू गप गं.” नर्मदाबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड घेतलं. “हैदरभाई, तेवढा डाग पुसा. टेम्पो येईस्तोवर वाळतोय. आन् घरी कुणाला कळायचं न्हाई, ना तुमच्या, ना आमच्या.”

हे ऐकून त्याला आणखीच मेल्यासारखं झालं. त्याने ओल्या फडक्याने डाग पुसला. मग छडी घेऊन गादी झोडली, कडेकडून मधे, मधून कडेला, पुन्हा मधे. कापसाची धूळ उडून उन्हात तरंगत राहिली. नर्मदाबाई बाकावरून बघत होत्या. हैदरने या वेळी गाल टेकवला नाही. कडेला अब्बांसारखा उकिडवा बसला, लांब दाभण आरपार घातली, अंगठ्याने खूण धरली आणि दाभण पट्टीला लावली. एकेक कोपरा मोजला. मग हात लांबवून मधली जागा मोजली.

“पाच इंच भरली का?” नर्मदाबाईंनी विचारलं.

चारी कोपऱ्यांना पाच इंच. मधे साडेचार.