क्वार्टर नंबर

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या वधू-वर परिचय मेळाव्यात बायोडाटा पडद्यावर सरकत होते आणि अनुजा मोबाइल बघून घामाघूम झाली होती. वेबसाइट तिनंच बनवलेली. लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की पासवर्डशिवाय पुढच्या मुलीची फाइल उघडत होती: फोटो, सेक्टर, सडक, क्वार्टर नंबर, ड्युटीची शिफ्टसुद्धा. सकाळपासून कोणीतरी एकेक फाइल डाउनलोड करत होतं. “भय्याजी, साइट या कॉम्प्युटरवरून चालते, बंद करा,” ती अध्यक्षांना म्हणाली. “पोरींचे पत्ते चोरी होऊन राहिले.” “मेळावा सुरू असताना बंद कावून करा लागते? बायोडाटा पाहासाठीच असते.” अनुजानं कॉम्प्युटरची वायरच उपटली. पडदा काळा झाला. परिचयासाठी मंचावर आलेली सुनिता गोंधळली, तिचा बायोडाटाच पडद्यावरून गेला होता. भय्याजींनी हसत तिच्या हातात माइक दिला. “तूच सांग बेटा, क्वार्टर नंबरापासून.” सभागृहातले मोबाइल रेकॉर्डिंगसाठी वर झाले. “सेक्टर सात, सडक बारा...” सुनिता सांगू लागली.