लाल ठिपके
बाबा सकाळपासून गाडीभोवती घुटमळत होते. मी लहान असताना बाबांनी स्वतः खोलून जोडलेल्या त्या जुन्या इंजिनाचा पिकअप वाढावा म्हणून मी रेसिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवत होते. "टायमिंगचं झाकण मी उघडतो, तू जरा पाठ टेक," ते चौथ्यांदा म्हणाले. "बाबा, मेकॅनिक मी आहे. बसा बघू." ते बसले, लगेच उठले, पुसलेलाच पाना पुसत राहिले. मी झाकण उघडलं. आत साखळीच्या दोन्ही दातेरी चक्रांवर लाल ठिपके होते, साखळी चढवताना दात चुकू नये म्हणून लावलेले. तो रंग मी ओळखला. तीच नेलपॉलिश चोरल्याचा आळ घेऊन नवव्या वर्षी आईनं माझ्या कानाखाली वाजवली होती आणि बाबा पेपरात डोकं खुपसून बसले होते. बाबांच्या हातातला पाना खणकन पडला. आवाजानं आई दारात आली. "आई, तुझी नेलपॉलिश दे. खूण करायचीय." "इंजिनाला नेलपॉलिश?" आई हसली. "ही अक्कल कुणाची?" "सांगा ना, बाबा."