रजेचं कारण

शाळा चालू असताना समुद्रकिनारी गर्दी नसते, म्हणून ठकीचे बाबा दरवर्षी तिची शाळा बुडवून सगळ्यांना फिरायला न्यायचे. वर्गशिक्षकांना फोनवर सांगायचे, "तिच्या मावशीचं लग्न आहे हो, सर."

यंदा मात्र सरांनी ठकीला विचारलंच, "अगं, मावशीचं लग्न गेल्या वर्षी झालं ना?"

ठकी म्हणाली, "ते मोडलं, सर. आता दुसरं आहे."

सहलीहून परतल्यावर ठकीला घ्यायला नेमकी मावशीच शाळेत आली. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या या मावशीचं अजून एकही लग्न झालेलं नव्हतं. ती कोण हे कळताच सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अभिनंदन! पहिल्या वेळचं मनाला लावून घेऊ नका हं."

"पहिल्या वेळचं काय?" मावशीनं ठकीकडे पाहिलं. ठकी बुटाची नाडी बांधायला जी खाली वाकली, ती वर बघेचना.

मग सगळंच बाहेर आलं. सर आधी चांगलेच तापले, पण मावशीला हसू आवरेना, तेव्हा तेही हसत सुटले. फाटकाशी दोघांच्या गप्पा इतक्या रंगल्या, की शिपाईमामा कुलूप हातात घेऊन ताटकळले. त्यानंतर ठकीला आणायला रोज मावशीच जाऊ लागली.

 

येत्या सुट्टीत मावशीचं लग्न आहे. तारीख नवरदेवानंच काढली. शाळा बुडवून कुणी लग्नाला आलेलं सरांना चालत नाही.