पापनाशमला दोन मिनिटं

हॉलंड नापास झालं. पण ते झालंच नाही असं धरून चालू, कारण विनुताचं तिकीट काढून झालं होतं.

साल १९९६. तंजावरच्या घरात भरदुपारी जमिनीवर भला मोठा तक्ता पसरला होता. कुठल्या देशाची विमानवाहतूक किती टिकाऊ, ते विनुताला ठरवायचं होतं आणि हॉलंडच्या कॉलेजात पोचल्या पोचल्या दाखवायचं होतं. तिचे अप्पा, कल्याणराम, जवळच्याच पापनाशमचे निवृत्त स्टेशनमास्तर. अक्षर मोत्यासारखं, म्हणून आकडे भरायचं काम त्यांच्याकडे.

"टिकाऊ म्हंजे काय गं?" अम्मानं विचारलं.

"धूर कमी, तेल कमी. पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असं."

"मग नार्तंगाय," अम्मा म्हणाली आणि सहा वर्षं मुरलेल्या त्या लोणच्याची बरणी अप्पांच्या हिरव्या बावट्यात गुंडाळायला लागली.

धूर, आवाज, तेल, सगळ्यात हॉलंड पहिलं येत होतं. तेवढ्यात अप्पांनी पट्टी घेऊन शेवटी आणखी एक रकाना आखला: 'थांबे'.

"अप्पा, विमान मधे थांबत नाही."

"म्हणून तर सगळ्यांना शून्य."

"मग हॉलंडलाच उणे पन्नास का?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. "त्यात तू बसणार."

विनुतानं तक्ता स्वतःकडे ओढला.

"दोन वर्षांत येते की, अप्पा. मद्रासपर्यंत विमान, पुढे तुमची रेल्वे."

"पापनाशमच्या डोक्यावरून विमानं जातात. मी बघितलीयत. घरावरून पुढे जायचं आणि मग मागं यायचं?"

"प्रोफेसरांना काय सांगू?"

"स्टेशनमास्तरचा शेरा आहे म्हण."

तिनं तो रकाना खोडला नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी विमान खात्याला अर्ज गेला:

'सविनय विनंती की, दोन वर्षांनी हॉलंडहून येणारं विमान पापनाशम येथे दोन मिनिटं थांबवावं. उतरणारा प्रवासी एक. थांबवण्यासाठी अर्जदार लाल बावटा घेऊन स्वतः हजर राहील. हिरवा बावटा कन्येच्या सामानातून परदेशी गेला असल्याने विमान पुन्हा सोडण्याची व्यवस्था मात्र खात्याने करावी.'